नंदूच्या हातांची परीक्षा

बोईसर, १२ जानेवारी २०२५

अक्षय,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पोस्टाचं तिकीट चिकटवतो आहे. पत्र उचलायला लागत नाही, दाराखालून आपलं आपण आत येतं.

तुझा निरोप पोचला. तू दहेजच्या साइटवरून आईला फोनवर सांगितलंस, तिनं मला भाकरी थापता थापता सांगितलं, म्हणजे त्यातलं निम्मं पिठात गेलं असणार. उरलं ते असं. पालघरला मुंबईची डॉक्टरीण येते, एप्रिलात तिच्याकडून नंदूची तपासणी करायची. गुण आलेला दिसला तर पोरगी आमच्याकडं राहील आणि सपना मॅडमकडचे व्यायाम चालू राहतील. नाही दिसला तर जूनपासून नाशिककडची ती वसतिगृहाची शाळा, जिथं पहाटे कवायत असते आणि सगळं शिस्तीत चालतं. चुकलं असेल तर आईला सांग. बरोबर असेल तर मला मान्य आहे. मान्य नसून सांगतो कुणाला? लेक तुझी आहे.

दिवाळीचं मी काढत नाही. तुझा हात तिच्या गालावर पडला, माझं बोट दाराकडं गेलं, दोन्ही आता परत घेता येत नाहीत. पण वही तिनं मुद्दाम फाडली नव्हती, एवढं ऐकून ठेव. खोडरबर किती दाबायचं याचा तिला अंदाज येत नाही. दाबते, कागद जातो. तिच्या आईला, रूपालीला, हे फार आधी कळलं होतं. पोरगी बालवाडीत होती तेव्हाच ती म्हणायची, "आबा, हा आळस नाही, हिचं काहीतरी वेगळं आहे." तेव्हा मीही मान डोलावून पेपर वाचत बसायचो. आता रूपाली नाही, म्हणून तिचं वाक्य मी तुला कळवतो.

सपना मॅडम त्याला मोठं इंग्रजी नाव सांगतात, डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर. मी तीन वेळा म्हणून पाहिलं, जीभ अडखळली. तेव्हा नंदू म्हणाली, "आबा, तुमच्या जिभेला पण तेच झालंय." मला, बॉयलरवरच्या माणसाला, समजलं ते असं की, व्हॉल्व्ह फिरवला जातोय पण पलीकडं वाफ पुरेशी पोचत नाही. डोकं शाबूत, हातपाय शाबूत, मधल्या पाइपात घोळ. त्याला छडी काय करणार?

जेवत जा वेळेवर.

आबा


बोईसर, ९ फेब्रुवारी २०२५

अक्षय,

आईनं तुला सांगितलं म्हणे की नंदूचा पुढचा दात चकली खाताना तुटला. तसं नाही. शाळेच्या जिन्यावरून पडली. आई तुला घाबरते म्हणून सारवासारव करते. मी घाबरत नाही असं नाही, पण माझ्याच्यानं सारवणं जमत नाही.

तुला वाटतं सपना मॅडमकडं खेळच चालतो. तर ऐक. नवापूर नाक्यावर मेडिकलच्या दुकानावर सपना मॅडमची खोली आहे. ही घिवलीची पोर, बाप अजून बोट घेऊन समुद्रात जातो, ही शिकून थेरपिस्ट झाली. खोलीत चेंडू, गाद्या, झोके. तुझी आई पहिल्यांदा आली तेव्हा दारातच म्हणाली, "अहो, पोरीला सर्कशीत घालायचीय का?" मॅडम हसल्या. म्हणाल्या, "आजी, सर्कशीत गेली तर आमचं नाव होईल."

शर्टाचं बटण शिकवायची त्यांची रीत मला आधी उरफाटी वाटली. बटण घ्यायचं, भोकात घालायचं, अर्धं बाहेर काढायचं, हे सगळं मॅडम करतात. शेवटचं ओढणं फक्त नंदूचं. म्हणजे दर वेळी काम पुरं होतं ते तिच्याच हातानं. ते जमलं की मग त्याच्या अलीकडचं. आपल्याकडं आधी कळस मग पाया म्हणून हसतात, इथं तोच उपचार. पोरीचा चेहरा बघायला हवा होतास. पहिलं बटण ओढून झाल्यावर ती शर्टाकडं अशी बघत होती, जसा काही शर्टच पास झालाय.

पण एक गोष्ट मॅडम पुन्हा पुन्हा सांगतात. ही लेकरं जे शिकतात ते तेवढंच शिकतात. शाळेच्या शर्टाचं बटण आलं म्हणून स्वेटरचं येईल असं नाही. आपल्या जिन्याची सवय झाली म्हणून शाळेचा जिना जमत नाही. दर वेळी नवा डाव. म्हणून घाई नको, वर्षं लागतील.

वर्षं. तू तर एप्रिल म्हणालास.

आबा


बोईसर, १६ मार्च २०२५

अक्षय,

बातमी चांगली आहे. नंदूची तयारी जोरात चालू आहे.

सपना मॅडमनी सुरुवातीला तिची तपासणी केली होती तेव्हा मी कोपऱ्यात स्टुलावर बसलो होतो. काय काय करायला लावतात ते सगळं डोळ्यांत बसलं. दोरीत मणी ओवायचे. भोकांत खुंट्या बसवायच्या. दोन रेघांच्या मधून पेन्सिल न्यायची. एका पायावर उभं राहायचं. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत पट्टीवरून चालायचं. चेंडू झेलायचा. पालघरची बाईही हेच करणार, सगळीकडं साचा एकच असतो म्हणे.

मग मी बसलो कामाला. मण्यांच्या जागी जुने वायसर, नटाखालच्या त्या भोकाच्या चकत्या, दोरीच्या जागी प्लास्टिकची वायर. प्लायवूडला भोकं पाडली. गच्चीवर खडूनं पट्टी मारली. शाळेतून आली की आधी सराव, मग जेवण. खाली शेजारचा दिपेश आणि बाकीची पोरं खेळतात, "ए धडपडे, ये ना" म्हणून हाका मारतात. ती जाळीतून बघते. मी म्हणतो, एप्रिलनंतर. ती म्हणते, "एप्रिलनंतर मी सगळ्यांना झेलीन." बोलायला कुणाला हार जात नाही, हे तुलाही माहीत आहे.

रडते मधूनमधून. बोटं दुखतात. काल म्हणाली, "आबा, मी हातांना रोज सांगते, आज पहिल्यांदा त्यांनी ऐकलं." वायसर एकामागं एक गेले रे. मला कामावरून सुटल्यासारखं वाटलं.

सपना मॅडमना हे सांगितलेलं नाही. एकदा आडून विचारलं, तपासणीआधी काय तयारी करावी? त्या म्हणाल्या, "काही नाही आबा. तपासणीचा सराव करायचा नसतो. ती रोज जशी आहे तशीच डॉक्टरांना दिसली पाहिजे." चांगली आहे बाई, पण वय लहान. कारखान्यात बॉयलर इन्स्पेक्टर येणार म्हटलं की आम्ही आठवडाभर आधीपासून लागायचो. गळकं पॅकिंग बदल, काच पूस, रंग मार. साहेब यायचा, चकचकीत रंगात तोंड बघून जायचा. नुसतं जसं आहे तसं कोण दाखवतं? आणि आपलं लेकरू नापास व्हायला कुणी हौसेनं घेऊन जातं का?

मॅडमकडं गेले काही दिवस जाणं झालेलं नाही. सरावातून वेळ मिळत नाही. तिकडं हळूहळूचं काम आहे, ते नंतर आहेच.

तू सांगितलंस गुण दिसला पाहिजे. दिसेल.

आबा


बोईसर, २१ एप्रिल २०२५

अक्षय,

आज घाईघाईत लिहितोय, अक्षर गोड मानून घे. पोरीनं मैदान मारलं.

पालघरला टमटमनं गेलो. डॉक्टरीणबाई चांगल्या, आवाज मऊ, उगाच घाई नाही. नंदूला आधी पाणी दिलं, ग्लास मी धरला. मग एकेक सुरू झालं. मणी सटासट ओवले. खुंट्या बसवल्या. पट्टीवरून चालली ती जणू खाली दरी आहे आणि दरीला हिनंच हुकूम सोडलाय. चेंडू एकदा सुटला, बाकी झेलले. प्रत्येक वेळी माझ्याकडं बघायची. मी डोळे मिटून उघडायचो, म्हणजे बरोबर.

नंतर त्यांनी मला विचारलं. घरी बटणं स्वतः लावते का? म्हटलं, लावते. तुझी आई सकाळच्या गडबडीत तिची लावून देते, पण ते काय सांगायचं. सायकल? म्हटलं, चालवते. मागून मी धरलेली असते. जेवताना सांडतं का? म्हटलं, छे, ताट अगदी स्वच्छ. शाळेत पडते का? म्हटलं, पोरं पडायचीच. परक्या माणसासमोर घरातलं उणं कोण काढतं? त्या लिहीत गेल्या. निघताना म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही खूप मेहनत घेतलीत." इतक्या वर्षांत कुठल्या इन्स्पेक्टरनं असं म्हटलं नव्हतं.

खाली आल्यावर तिला बर्फाचा गोळा घेऊन दिला. काडीवरून घसरून सगळा फ्रॉकवर गेला. आम्ही दोघं हसत सुटलो. म्हणाली, "हे परीक्षेत नव्हतं."

रिपोर्ट आला की आई तुला फोटो पाठवेल. आता नंदू इथंच, नाही का?

आबा


बोईसर, १८ मे २०२५

अक्षय,

रिपोर्ट तुझ्याकडं पोचला आहे. मलाही तोंडपाठ झालाय. वयाच्या मानानं हालचाली सर्वसाधारण, उपचार चालू ठेवण्याची गरज दिसत नाही.

आईनं फोन खाली ठेवला आणि बराच वेळ पदरानं गॅस पुसत बसली. मग म्हणाली, "तो म्हणतो, बरी आहे ना, मग अडचण काय? बरी असेल तर कुठंही राहील. जूनमध्ये नेतो."

मी तो कागद घेऊन सपना मॅडमकडं गेलो. वाटलं होतं, यातून काही वाट काढतील. त्यांनी वाचला. मग मला विचारलं, आणि मी सगळं सांगितलं, वायसर, प्लायवूड, गच्चीवरची पट्टी. एरवी ही बाई माझ्याशी पुस्तकातलं बोलते. त्या दिवशी घिवलीची बोली तोंडात आली.

"आबा, तुमी काय केलंत हे? पोर पायऱ्या उतरताना अजून भिंत धरते, आणि कागदावर ती बरी हाय. मी वरडून सांगितलं तरी आता कोण ऐकनार नाय."

मी म्हटलं, ओरडा मला, पण उपाय सांगा. त्यांनी मोबाइल काढला. डॉक्टरीणबाईंना माझ्यासमोर फोन लावला. त्या बाईंनीही हात झटकले नाहीत, फार वाईट वाटलं त्यांना. पण म्हणाल्या, सराव झालेल्या मुलाची तीच तपासणी लगेच पुन्हा केली तर पुन्हा तसंच दिसणार, सराव उतरायला हवा. हिवाळ्यात आणा.

हिवाळ्यापर्यंत जून येऊन जातो, अक्षय.

म्हणून आज हे स्पष्ट लिहितो. ते मणी ओवणारे हात मी पढवलेले होते. पोरगी बरी नाही. तिला वायसर ओवता येतात, बुटाची नाडी येत नाही. खुंटी बसवता येते, डब्याचं झाकण उघडत नाही. कारखान्यात रंग मारून बॉयलर दाखवला तरी दुसऱ्या दिवशी पॅकिंग आमच्याच हातांनी बदलायला आम्ही तिथं असायचो. तिच्याजवळ तिकडं कोण असणार?

आईनं तुला हे सगळं फोनवर सांगितलं. तू काय म्हणालास तेही तिनं सांगितलं, पिठात काही सांडू दिलं नाही. "आबांना आता पोर सोडवत नाही, म्हणून खोटं बोलतायत."

मी डॉक्टरीणबाईंपुढं खोटं बोललो ते तू खरं धरलंस. आता खरं बोलतोय ते खोटं. तुला दोष देत नाही. दाखवायला मीच शिकवलं, बघायला तू शिकलास.

एकदा ये. नुसता एक दिवस तिच्याबरोबर राहा. तिला चहाचा कप उचलायला सांग, बस. काही बोलू नकोस, नुसता बघ.

आबा


बोईसर, १५ जून २०२५

अक्षय,

तू काल आलास. गाडीत बसून राहिलास, वर आला नाहीस. आईनं पाणी खाली पाठवलं ते तू प्यालास, एवढंही पुष्कळ.

वर काय झालं ते तू पाहिलं नाहीस म्हणून लिहितो. गणवेश आईनं घातला, सगळी बटणं आईनंच लावली. सपना मॅडम आल्या होत्या. त्यांनी तिच्यासाठी चिकटपट्टीचे काळे बूट आणले होते, लांबून नाडीचेच वाटतील असे. तू खालून फोनवर म्हणालास, नियमात नाडीचे आहेत, तेच घालून आणा. बूट बदलले. मॅडमनी नाडी बांधली, दुहेरी गाठ मारली आणि म्हणाल्या, ही सोडूच नकोस, बूट तसाच काढ, तसाच घाल. नंदू म्हणाली, "आणि ओला झाला तर?" मॅडमनी गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

मॅडमनी खाली येऊन तुला तिथल्या बाईंना काय काय सांगायचं ते समजावलं. तू मान हलवलीस. सांगितलंस का तिकडं? मला कळवू नकोस, पण सांगितलं असशील तर बरं.

पोरगी रडली नाही. जिना उतरताना भिंत धरली होती. तू गाडीत फोनवर होतास, नाहीतर दिसलं असतं.

तुझी आई आजकाल माझ्याशी कमी बोलते. काल एवढंच म्हणाली, "तुम्ही तिला काही येत नाही म्हणून सांगायला पाहिजे होतं. लाज वाटली असती, एवढंच ना?" मी कांदा चिरत होतो, चिरत राहिलो.

आबा


बोईसर, १० ऑगस्ट २०२५

अक्षय,

काल पालकभेट होती. तू येणार म्हणून आम्ही गेलो नसतो, पण तुझ्या साइटवर शटडाऊनचं काम आहे, सुट्टी नाही असं आईकडून कळलं, तेव्हा मी एकटाच गेलो. आईचे गुडघे चढत नाहीत.

शाळा वाईट नाही. आवार स्वच्छ, झाडं लावलेली, मुली नमस्कार करतात. तिथल्या बाई म्हणाल्या, "राजनंदिनी फार शांत मुलगी. काही तक्रार नाही, काही सांडणं नाही, काही मोडणं नाही." आपली नंदू आणि शांत. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं सांगतायत.

ती आली. वाळली आहे. हात पाठीमागं एकमेकांत धरलेले. मी जवळ घेतलं तरी हात पाठीमागंच. मी म्हटलं, अगं, आबाला मिठी नाही मारायची? तर हळूच म्हणाली, "हात मागं ठेवले की काही पडत नाही."

जेवायला मला तिच्याबरोबर बसवलं. तिनं पोळी आणि कोरडी भाजी घेतली. वरण, ताक, आमटी, काही नाही. वाढणाऱ्या मुलीला माहीत होतं, ती पुढं गेली. मी विचारलं तर म्हणाली, पातळ आवडत नाही. अक्षय, ही पोरगी आमटी वाटीनं प्यायची. नाड्या बुटात कोंबलेल्या होत्या. नडगीवर एक जुनी आणि एक नवी जखम. कवायतीत पाय चुकतो म्हणून ती आता शेवटच्या रांगेच्याही मागं उभी राहते. बाई म्हणाल्या, आम्ही सक्ती करत नाही. खरंच करत नसतील. तिनं करायचंच सोडून दिलंय सगळं. काही केलंच नाही तर चुकणार काय?

मग आम्ही आवारातल्या कट्ट्यावर बसलो. मी घरचं सांगत होतो, दिपेशची सायकल, सपना मॅडमनी विचारलं ते. ती ऐकत होती, मध्ये बोलत नव्हती. ही माझ्या प्रत्येक वाक्यात दोन वाक्यं घालायची. निघायची वेळ झाली तेव्हा तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाली,

"आबा, मी पास झाले म्हणून मला इथं आणलं ना?"

मी खाली वाकून तिच्या बुटात कोंबलेली नाडी ओढून काढली.

"आता पुन्हा परीक्षा घ्यायला सांगा. या वेळी मी सगळं चुकवीन. मी सराव करते. बघा." तिनं पहिल्यांदा हात पुढं आणले, कट्ट्यावरचा खडा उचलला, वर टाकला आणि मुद्दाम झेलला नाही. पुन्हा टाकला, पुन्हा सोडला. मग माझ्याकडं बघितलं, पालघरला बघायची तसं, बरोबर का म्हणून.

डोळे मिटून उघडायचे ते मी मिटूनच घेतले. म्हटलं, बाळ, आता परीक्षा नाही.

तिनं खडा उचलून कट्ट्यावर परत ठेवला. हात पुन्हा पाठीमागं गेले.

"मग मी घरी कशी येणार?"

आबा